पौषातला पोळा

आमच्या माडीत दोघांच्या वर माणसं मावत नाहीत, हे मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून टाकते. एक खोली, स्वयंपाकापुरता ओटा, आणि आर्वीच्या बाजारावर उघडणारी लांब गॅलरी. तिसरा कोणी आला तर त्याला गॅलरीत झोपावं लागेल, आणि तिथं आधीपासून कबुतरं राहतात. जनावर मात्र कोणतंही चालतं. ही अट माझी नाही, माझ्या सासूबाईंची, शोभाबाईंची आहे. माझं चाललं असतं तर मी कबुतरंसुद्धा ठेवली नसती.

माझे सासरे प्रभाकरराव कापसाची अडत करायचे. तेव्हा खेड्याखेड्यांतून कापूस भरलेल्या बैलबंड्या यायच्या आणि लिलाव होईपर्यंत शेतकरी आमच्या माडीवर मुक्काम करायचे, बैल खाली अंगणात. बंडी दारात आली की आधी दगडी डोणीत पाणी भरायचं आणि मग माणसाला नाव-गाव विचारायचं, अशी या घराची रीत. पुढे अडत गेली, सासरे गेले, कापूस ट्रॅक्टरमधून येऊ लागला. खाली भूपेंद्रनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कापडाचं दुकान टाकलं. माडी धूळ खात पडली. ती धूळ झाडून झाडून मी कंटाळले आणि एक दिवस म्हटलं, गाव सोडून गेलेल्या आर्वीकरांना चार दिवस सुट्टीत राहायला इथं जागा कुठं आहे? भूपेंद्रनं पाटी रंगवून घेतली, ‘दोघांसाठी सुट्टीची जागा’. सासूबाईंनी पाटीकडे पाहिलं आणि रंगाऱ्याला थांबवून खाली दुसरी ओळ लिहायला लावली, ‘जनावर सोबत चालेल’.

तर चालतं. पुलगावच्या लष्करी डेपोतून रिटायर झालेले एक साहेब पोपट घेऊन आले होते. तो पोपट पहाटे कवायतीचे हुकूम सोडायचा आणि साहेब झोपेतच पाय आपटायचे. नागपूरच्या एका नव्या जोडप्याच्या कुत्र्यानं भूपेंद्रची कोल्हापुरी खाल्ली. मी चिडले की सासूबाई म्हणायच्या, “डोणी आहे ना अंगणात? मंग?” या ‘मंग’पुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही.

ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या पौषातली. संक्रांत होऊन गेली होती. बाजारात कापसाचे दिवस. जिनिंगच्या यंत्रांची घरघर दिवसभर लांबून ऐकू यायची आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे. ते सावकाश खाली यायचे, कापडाच्या गठ्ठ्यांवर, डोक्यावर, चहाच्या कपात. त्या दिवसांत आर्वीत दुपारी कोणी मोठ्यानं बोलत नाही. सगळं गाव अर्धवट झोपेत व्यवहार करतं.

अशा एका दुपारी दुकानात फोन वाजला. पुण्याहून चंदन नावाचा मुलगा बोलत होता, मूळचा इथल्याच जवळच्या रोहण्याचा.

“आईबाबांना चार दिवस पाठवायचंय. जन्मात दोघं मिळून कुठं गेले नाहीत. पण सोबत बैल येईल.”

“बैल?” मी विचारलं.

“म्हातारा आहे, हरण्या नाव त्याचं. कोणाला काही करत नाही. पण त्याचा जोडीदार मेला तेव्हापासून आई नाहीतर बाबा जवळ बसल्याशिवाय तो घास घेत नाही. त्याला सोडून ते निघणार नाहीत, आणि बैलासकट त्यांना दुसरं कोण ठेवून घेईल?”

मी रिसीव्हर हातानं झाकून घरात सांगितलं. भूपेंद्र इतका हसला की हातातला कापडाचा तागा खाली पडला. सासूबाई हसल्या नाहीत.

“हासाले काय झालं? बैलासाठीच तर डोणी हाय थे. कुत्र्याईसाठी नाई बांधली तुह्या बापानं.”

आले ते पायी. पहाटे निघून उन्हं चांगली चढल्यावर पोचले. पुढे कासरा धरून वासुदेवराव, मधे पांढराशुभ्र हरण्या, मागे डोक्यावर पिशवी घेतलेल्या आनंदाबाई. सासूबाईंनी आधी डोणी भरली आणि मग, नावं ठाऊक असूनही, नावं विचारली. हरण्या पाणी प्यायला, ओलं नाक वर करून त्यानं आमचं अंगण हुंगलं, आणि बोरीच्या झाडाखाली असा बसला की जणू अडतीच्या दिवसांपासून तो इथंच होता.

मला वाटलं, आता ही दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बाजार बघत बसतील. फिरतील, सिनेमाला जातील. कसलं काय! सकाळी वासुदेवराव बाजारात जायचे, तेव्हा आनंदाबाई हरण्याजवळ. ते परत आले की आनंदाबाई देवळात, आणि वासुदेवराव हरण्याजवळ. दुपारी एक माडीवर झोपायचं आणि दुसरं बोरीखाली. जिन्यात भेट झाली की “जा तू आता” एवढंच बोलणं. दोघांची खोली आळीपाळीनं वापरणारं जोडपं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तरी त्या दिवसांत घराला एक गोड सुस्ती आली होती, हे खरं. हरण्याच्या गळ्यातली घंटी मंद वाजायची. तो रवंथ करायला लागला की घंटीही त्याच लयीत किणकिणायची आणि दुकानात बसल्या बसल्या माझे डोळे मिटायचे. बोरीची पिकली बोरं टपटप त्याच्या पाठीवर पडायची. कापसाचे तंतू त्याच्या पांढऱ्या अंगावर बसले की दिसायचेच नाहीत. एकदा तर मला वाटलं, हा बैल असाच तंतू तंतू साचून तयार झाला असेल.

पण माझा स्वभाव स्वप्नात रमायचा नाही. मी दोघांना जेवायला सांगितलं. “उद्या दुपारी आमच्याकडे जेवा. दोघंही.” दुसऱ्या दिवशी दोन पाट मांडले, रांगोळी काढली. आले एकटे वासुदेवराव.

“काकू कुठं आहेत?” मी विचारलं.

“चंदनची माय बसली हाय त्याच्यापाशी. माह्यं जेवण झालं का धाडतो तिले.”

एक पाट भरलेला, एक रिकामा. वासुदेवराव मान खाली घालून भराभर जेवले आणि उठले. मग आनंदाबाई आल्या, तशाच भराभर जेवल्या. मला राग आवरेना. ताट उचलता उचलता बोलून गेले, “काकू, एवढं चालत आलात सुट्टीला, आणि चार घास बरोबर बसून खाता येत नाहीत?”

आनंदाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि उंबऱ्यावर बसल्या.

“राग नोका मानू सूनबाई. आमाले सवयच नाई. घरी जनावरं, मंग एकानं मांगं राहाच लागे. लग्न असो का बारसं, एक गेलं का एक घरी. लोकाईनं मंग जोडीनं बोलावनंच सोडलं. कोनाच्या घरी जोडपं जेवू घालाचं असलं, तं म्हनत, त्यायले नोका सांगू, त्यायच्यातलं एकच येईन. चंदनच्या लग्नातबी तसंच झालं. गाय वेत होती. सकायच्या फोटोत हे हायेत, संध्याकायच्या फोटोत मी.”

“वाईट वाटलं असेल.”

“जनावराचं वाईट नाई वाटत. त्यायनंच तं पोसलं आमाले.” मग नजर न उचलता म्हणाल्या, “पन मले एकडाव यायच्या बाजूले बसून जेवाचं हाय. कोनाच्या तरी घरी. पाटावर. वाढनारं दुसरं कोनी पायजे. येवढंच मनात हाय माह्या.”

मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःचंही. आमच्याकडेही भूपेंद्र ताटावर तर मी गल्ल्यावर, आणि मी ताटावर तर भूपेंद्र गल्ल्यावर. बाजारपेठेत राहणाऱ्यांचं असंच असतं म्हणून मी कधी त्याचा विचारच केला नव्हता. तो विचार मी तेव्हाही बाजूला सारला आणि हरण्याकडे मोर्चा वळवला.

हा बैल माझ्या हातचं खाईल तर ही दोघं आत बसून जेवतील, इतका साधा हिशेब. त्यांचा परतायचा दिवस जवळ आला होता. आनंदाबाईंना हट्टानं माडीवर झोपायला पाठवलं, वासुदेवराव बाहेर गेले होते. मी कुटाराचा भुसा पुढे केला. हरण्यानं तोंड फिरवलं. सरकीची ढेप भिजवून दिली. तोंड फिरवलं. गूळ दिला, भाकर दिली, हिरवा हरभरा दिला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या सभ्यपणे मान वळवली की मला माझ्या मोठ्या जावेची आठवण झाली.

“शहाण्या,” मी म्हटलं, “तुझ्यापायी ती बाई आयुष्यभर अर्ध्या पंगतीत जेवली. तुला काही वाटतं का?”

दुकानाच्या मागच्या दारातून भूपेंद्र हसत होता. सासूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्याले कोनी बोलावलं का? बिनबोलावल्या घरी मानूस जेवत नाई, बैल काऊन जेवीन?”

बोलवायचं कसं, ते मला येत होतं. म्हणजे येतं असं मला वाटत होतं. माझं माहेर देवळीचं, तिथंही दुकानदारीच. पण शेजारी शेतकरी राहायचे आणि लहानपणी भिंतीवर बसून मी त्यांच्या बैलांचे लाड पाहिलेले. मी घरात गेले, वाटीत लोणी घेतलं, त्यात हळद कालवली. भीत भीत हरण्याच्या खांद्यावर हात ठेवला. जू वाहून वाहून तिथली कातडी दगडासारखी झाली होती. मी लोणी चोळत गेले, चोळत गेले. हरण्यानं डोळे मिटले. मग शेजारच्या काकू म्हणायच्या तसंच मी मोठ्यानं म्हटलं,

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मागे काहीतरी पडलं. दारात वासुदेवराव उभे होते आणि त्यांच्या पिशवीतली वांगी अंगणभर पसरली होती.

“सूनबाई! आवतन देल्लं तुमी त्याले?”

“हो. जेवत नाही ना तो.”

“अवो बाप्पा, पोयाचं आवतन हाय ना थे! पोयाच्या आदल्या दिशीच देतेत. वर्सातून एकडाव.”

माझा चेहरा उतरला. पोळा श्रावणातल्या अमावस्येला, आणि आम्ही बसलो होतो पौषात. शेतकऱ्याच्या पोरीच्या हातून ही चूक झाली नसती आणि पुण्या-मुंबईच्या बाईला हे शब्दच ठाऊक नसते. भिंतीवर बसून अर्धंमुर्धं शिकलेल्या दुकानदाराच्या पोरीच्याच हातून ती व्हायची होती.

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय? उद्या त्याले पोया करा लागते.” वासुदेवराव वांगी गोळा करायचंही विसरले होते. “आवतन देऊन जेवू नाई घातलं, तं बैल मनात ठेवते. अन् आमच्याकडे जो आवतन देते, त्याच्याच हातचं पह्यलं जेवन. मी नाई बसू शकत उद्या त्याच्यापाशी. चंदनची माय बी नाई.”

आवाज ऐकून आनंदाबाई जिन्यात आल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. “पुसात पोया!” त्या हसत होत्या. मग हसता हसता थांबल्या, कारण नवऱ्याचं शेवटचं वाक्य त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं. माझ्याही आत्ताच आलं होतं.

“मग उद्या त्याच्याजवळ मी बसते,” मी म्हटलं. “तुम्ही दोघं आत बसा. आमच्या आई वाढतील.” हाताला लोणी-हळद तशीच होती. मी त्या दोघांसमोर उभी राहिले आणि सरळ म्हणाले, “तुम्हीही आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. जोडीनं.”

वासुदेवरावांनी बायकोकडे पाहिलं. आनंदाबाईंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. होकार झाला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात पोळा झाला. सासूबाई पहाटेपासून पुरण वाटत होत्या. वासुदेवरावांनी हरण्याला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली. झूल कुठून आणायची, हा प्रश्न होता. भूपेंद्र, जो बहिणीलासुद्धा कापड मोजून देतो, त्यानं लाल कापडाचा तागा उलगडला आणि न मोजता टर्रकन फाडला. त्याच्याकडे मी बघतच राहिले. “पाहून काय राह्यली? टाचून दे लवकर,” तो म्हणाला.

हरण्याला सजवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन आणला. बाजारातली माणसं अर्धवट झोपेतून जागी झाली. आधी हसली. मग एका म्हाताऱ्या धान्यवाल्यानं टोपी नीट केली आणि बैलाला हात जोडले, तसे बाकीचेही दुकानांतून उतरले. कोणी गूळ आणला, कोणी ज्वारी. हरण्यानं कशाला तोंड लावलं नाही, पण सगळ्यांकडे पाहिलं. वर जिनिंगचे तंतू तरंगत होते. पौष आहे की श्रावण, कोणाला काही कळेना, आणि कोणाला कळून घ्यायचंही नव्हतं.

दुपारी आत दोन पाट मांडले. मी मात्र बाहेर, पुरणपोळीचं ताट घेऊन बोरीखाली. दार अर्धवट लोटलेलं होतं. मला आतलं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. पाट सरकल्याचा आवाज. बांगड्या. सासूबाई म्हणाल्या, “बसा जी दोघंबी.” वाढल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही.

मला कळलं, ती दोघं थांबली आहेत. जनावर जेवल्याशिवाय त्यांचा हात ताटाला लागणार नव्हता.

मी पोळीचा तुकडा तुपात बुडवून हरण्यापुढे धरला. त्यानं मान फिरवली. मी पुन्हा धरला. त्यानं दाराकडे पाहिलं, जिथं त्याची माणसं होती. घंटी जराही वाजत नव्हती. आत कोणी खोकलंसुद्धा नाही. माझा हात भरून आला आणि डोळेही. एवढा थाट केला आणि ही बाई आता वाढलेल्या ताटावरून उठून येणार, या विचारानं माझा जीव खालीवर व्हायला लागला.

“हरण्या,” मी हळूच म्हटलं, “मी तिच्या जागी बसले आहे रे. ती कुठं गेली नाही. जेवते आहे ती. जेवू दे तिला.”

त्यानं त्याचं मोठं, ओलं नाक माझ्या मनगटाला लावलं. कालची हळद हुंगली असावी. मग खरखरीत जिभेनं तुकडा उचलला आणि चावू लागला. घंटी वाजली. किण, किण, किण.

आतून वासुदेवराव म्हणाले, “खाल्लं.” मी ओरडणारच होते, पण घंटीनं त्यांना आधीच सांगितलं होतं. मग ताटांचा आवाज झाला, वाटीचा झाला. सासूबाई म्हणाल्या, “असं नाई जेवाचं. जोडीनं बसल्या, तं नाव घ्या लागते.” नव्या नवरीसारखं नाव घ्यायचं, उखाण्यात. आनंदाबाईंना बहुतेक उखाणा आठवत नव्हता. कधी घ्यायची वेळच आली नसेल. शेवटी त्यांनी यमक-बिमक काही न जुळवता नुसतं म्हटलं, “वासुदेवराव.” आणि तिघंही हसली.

मी बाहेर हरण्याला घास देत होते. ज्या पंगतीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यातलं मला काहीसुद्धा दिसलं नाही. मागं राहणं म्हणजे काय, ते मला त्या बोरीखाली समजलं. आनंदाबाईंनी अशी किती लग्नं भिंतीपलीकडून ऐकली असतील! मला आनंदही झाला होता आणि मी रडतही होते.

तेवढ्यात दुकानाच्या बाजूनं शटर ओढल्याचा आवाज आला. भर बाजाराच्या दिवशी. मी दचकून वळले. भूपेंद्र एका ताटात पुरणपोळ्या घेऊन येत होता. तो डोणीच्या कडेला, माझ्या शेजारी, टेकला.

“दुकान?” मी विचारलं.

“राहू दे.”

त्यानं पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. माझा एक हात हरण्याच्या तोंडापाशी होता, तो काढता येत नव्हता. म्हणून मी तोंड पुढे केलं. मग एक घास हरण्याला, एक मला, एक भूपेंद्रला, असं आमचं ते ताट संपलं. आत आनंदाबाई सासूबाईंना म्हणत होत्या, “आनखी वाढा जी मले. येवढी भूक लागते, हे मालूमच नोतं.”